शनिवारचं तेल

मिरजगावात त्या रात्री वीज गेली ती परत येईना. खोलीत उकडायला लागलं, म्हणून सगळे गच्चीवर आले. राधाकृष्णअण्णांनी पाण्याच्या टाकीला पाठ टेकली आणि समोर बसलेल्या नातवंडांना सांगितलं, "मोबाईल उपडे ठेवा आधी. त्या उजेडात तुमची तोंडं मेल्यासारखी दिसत्यात."

करण हसला. समर्थ म्हणाला, "अण्णा, मग भुताचीच सांगा. पण खरी पाहिजे."

"खोटी मला येतच न्हाई. एस्टी चालवण्यात जन्म गेला माझा. माझ्या गाडीपुढं रात्री कधी काही आलं न्हाई, बैल सोडून. पण कानिफनाथच्या गाडीपुढं आलं. टाकळवाडीचा कानिफ. आपल्या ज्ञानेश्वरीच्या सहलीला त्याचीच गाडी हुती."

ज्ञानेश्वरीने मान हलवली. सगळ्या मुली गाडीत बसल्या तरी बॉनेट उघडून आत पाहत उभा राहिलेला, कमी बोलणारा तो माणूस तिला आठवत होता.

"त्याला गाडी मी शिकवली," अण्णा म्हणाले. "आणि ही गोष्ट त्यानं मला एकट्याला सांगितली. मधी बोलायचं न्हाई."

आणि अण्णा सांगू लागले.

त्या वर्षी पाडवा रविवारी होता. त्यामुळे आदल्या दिवशीची अमावास्या शनिवारी आली. रमजानही संपत आला होता, ईद एक-दोन दिवसांवर होती. गावात एका बाजूला गुढीच्या काठ्या धुवून वाळत घातलेल्या आणि दुसऱ्या बाजूला शेवया भाजल्याचा वास, अशी ती सकाळ होती.

कानिफ मिरजगावच्या बाजारात आला तो साखरेच्या गाठी घ्यायला. शिवाय शेजारच्या मुबारकबींसाठी खजूर आणि खारीक घ्यायची होती. मुबारकबींना तो चाची म्हणायचा. तो लहान असताना त्याची आई गेली. बाप दिवसभर रानात असायचा. तेव्हा भिंतीपलीकडून रोज एक ताट यायचं. ताट झाकून आणायची ती चाची. कानिफ मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याने गाडी घेतली, तरी चाचीला काही खाऊ नेल्याशिवाय तो बाजारातून परतत नसे. चाचीचा मुलगा शाहबाज चाकणला कंपनीत होता. घरी चाची आणि सून नाझनीन, दोघीच.

कानिफची गाडी सात सीटची, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. चालायला चांगली, पण ऑइल खायची. म्हणून रोज सकाळी, इंजिन गार असताना, तो अंगणातल्या सपाट जागेवर बॉनेट उघडायचा. ऑइलची पट्टी ओढायची. फडक्याने पुसायची. पुन्हा पूर्ण आत घालायची आणि पुन्हा ओढायची. पट्टीच्या टोकाकडे दोन रेघा असतात. वरची म्हणजे भरलेलं, खालची म्हणजे आता घाला. ऑइल या दोन रेघांच्या मध्ये पाहिजे. त्या सकाळी ते खालच्या रेघेला जेमतेम ओलं करत होतं.

स्पेअर पार्टच्या दुकानात अजीजभाईंनी त्याला पाहिलं आणि न विचारताच ऑइलचा डबा काढून काउंटरवर ठेवला.

"आज नको," कानिफ म्हणाला. "शनिवार हाय."

"अरे, हे काय भज्याचं तेल हाय का? इंजनाला कसली साडेसाती?"

"तेल ते तेल. आमच्यात शनिवारी घरी आणत न्हाईत. त्यात आज अमुशा."

"मग सांग तुझ्या इंजनाला, आज उपास धर म्हणावं. आमी धरलाच हाय." अजीजभाईंनी डबा परत फळीवर ठेवला. मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "कानिफ, चेष्टा न्हाई. लाईनीच्या खाली गेलं तर लांब जाऊ नको."

"आज कुठं जातोय? उद्या पाडवा. सकाळी पूजेच्या आधी तुमच्याच हातनं डबा घेतो आन् काठोकाठ भरतो."

असं बोलून तो घरी आला. संध्याकाळी गाडी धुतली. उद्या हार घालायचा म्हणून पुढच्या जाळीतला एकेक किडा काडीने काढला. सगळं चकचकीत. फक्त बॉनेटच्या आत जे हवं होतं ते नव्हतं.

"मूर्खच हाय," करण पुटपुटला.

"आपल्या आजीनं तरी कधी शनिवारी तेल आणलंय का?" अण्णांनी विचारलं. 

रात्री अकराच्या पुढे कानिफच्या दारावर थापा पडल्या. नाझनीन होती. पायात चप्पल नव्हती.

"भाऊ, अम्मी... छातीत दुखतंय म्हणतात. घाम बघा कसा आलाय. हात गार पडलाय."

चाची पलंगावर बसून होती. तिला आडवं होता येत नव्हतं. शुगर असूनही तिने रोजा धरला होता, आणि संध्याकाळी तो सोडल्यावर धड जेवलीही नव्हती. गावातल्या डॉक्टरने येऊन नाडी धरली, गोळी जिभेखाली ठेवली आणि कानिफला बाजूला घेतलं.

"हार्टचं हाय. इथं माझ्या हातात काही न्हाई. नगरला न्या, आत्ता. अँब्युलन्स जामखेडकडे गेलीय. तिची वाट बघू नका."

कानिफला गाडी आठवली. मग पट्टी आठवली. नगर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. त्याने मनाशी हिशोब केला, हळू गेलं तर जमेल. गावात दुसरी चारचाकी होती ती भाड्याने बाहेरगावी गेलेली. त्याची बायको सविता तांब्याभर पाणी घेऊन आली आणि ते तिने गाडीच्या चाकावर शिंपडलं.

मागच्या सीटवर चाची, तिला धरून नाझनीन. शाहबाजचा फोन आला, तो नाझनीनने स्पीकरवर टाकला.

"कानिफ, मी निघालोय. शिरूरपर्यंत आलो की फोन करतो. अम्मीला तेवढं नगरला पोचव रे. बाकी काही नको मला."

"पोचवतो," कानिफ म्हणाला.

चाची तशातही म्हणाली, "हळू जा, बाळा. गाडी आजच धुतलीयेस..."

मिरजगाव ओलांडलं. सोलापूर रस्त्याला लागल्यावर त्याचा जीव जरा भांड्यात पडला. रस्ता नवा, रुंद, गाडी तरंगत जात होती. मीटरवर लाल दिवा नव्हता. दहा-बारा किलोमीटर गेले आणि पुढे ट्रकच्या मागच्या दिव्यांची रांग दिसली. कडब्याने भरलेला ट्रक आडवा झाला होता. पेंढ्या सगळ्या रस्त्यावर पसरलेल्या. लोक उतरून उभे होते. एकजण म्हणाला, जेसीबी येईपर्यंत तासभर तरी हलायचं नाही.

चाचीच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला होता.

"भाऊ, थांबू नका हो," नाझनीन म्हणाली.

नवा रस्ता सरळ केला तेव्हा जुन्या रस्त्याची वळणं तशीच बाजूला पडून राहिली. अण्णांची एस्टी त्याच वळणांवरून जायची. आता तिकडे कुणी जात नाही. शेळ्या चरतात, कुणी खडी टाकतं. पण वाट आहे आणि ती रुईछत्तीशीच्या अलीकडे पुन्हा हायवेला येऊन मिळते, हे कानिफला ठाऊक होतं. त्याने गाडी मागे घेतली आणि डावीकडे खाली उतरवली.

जुन्या रस्त्यावर डांबर उरलं नव्हतं. दोन्हीकडून बाभळी आत आल्या होत्या. काचेवर काटे ओरखडत होते. हायवेचा आवाज आधी मागे राहिला. मग नाहीसा झाला. चढ लागला. कानिफने गिअर खाली घेतला, इंजिन कण्हलं आणि त्याच वेळी मीटरवर लाल दिवा लागला. किटलीच्या आकाराचा.

त्या दिव्याचा अर्थ ड्रायव्हरला कुणी सांगावा लागत नाही. ऑइल इंजिनाच्या हाडापर्यंत पोचत नाही. आता लोखंड लोखंडावर घासणार.

मग आवाज सुरू झाला. टक... टक... टक. बॉनेटच्या आतून कुणी बोटाने वाजवावं तसा.

अजून दोन किलोमीटर ओढली असती तर इंजिन जागच्या जागी जाम झालं असतं. मग पुढे काहीच नव्हतं. ना गाडी, ना माणूस, ना रेंज. कानिफने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. एवढी शांतता झाली की चाचीचा श्वास गाडीभर ऐकू यायला लागला.

"काय झालं?" नाझनीनने विचारलं.

"दोन मिनिटं. बघतो."

तिने चाचीला छातीशी धरलं, डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली.

कानिफने बॉनेट उघडलं. मोबाईलचा टॉर्च दातात धरला. थोडं थांबला, ऑइल खाली उतरावं म्हणून. पट्टी ओढली. पुसली. घातली. पुन्हा ओढली.

कोरडी.

त्याने ती उजेडात फिरवून पाहिली. दोन्ही रेघा स्वच्छ दिसत होत्या. टोकाला सुद्धा थेंब नव्हता. फळीवर परत गेलेला तो डबा त्याच्या डोळ्यांसमोर आला. हात लांबवला असता तर मिळत होता. फक्त वार आडवा आला.

"चढावर बघितलंस."

आवाज बॉनेटच्या पलीकडून आला. उघडलेलं बॉनेट मध्ये होतं, त्यामुळे माणूस दिसत नव्हता.

"चढावर खरं कळत न्हाई. सपाटीला घे. मग बघ."

कानिफला आधी बरंच वाटलं. जवळपास वस्ती असेल. कुणी रात्रीचं पाणी धरायला आलेलं असेल. तो म्हणाला, "दादा, ऑइल मिळंल का हो कुठं? पेशंट हाय गाडीत."

"मिळंल. सपाटीला घे."

त्याने बॉनेट टेकवलं. समोर पाठ दिसली. उंच माणूस, बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर फडकं. न वळताच त्याने हाताने मागचा उतार दाखवला. कानिफने ब्रेक सोडला आणि गाडी मागे मागे सोडत खाली आणली. उतार संपला तिथे सपाट जागा होती. जुन्या काळी एस्ट्या इंजिनाला पाणी पाजायला थांबायच्या तसली. तो माणूस तिथे आधीच उभा होता. गाडीशेजारून खाली जाताना तो कानिफला दिसला नव्हता.

जळलेल्या ऑइलचा वास यायला लागला. कानिफने स्वतःच्या इंजिनावर हात ठेवून पाहिला. वास तिथून येत नव्हता.

"तुमी ड्रायव्हर का?" त्याने विचारलं.

"व्हय."

"गाडी कुठं हाय तुमची?"

त्या माणसाने मान वळवली. कानिफने टॉर्च तिकडे फिरवला.

बाभळीच्या आत एक जीप उभी होती. जुनी, ताडपत्रीची. तिचंही बॉनेट उघडं होतं.

"माझ्यातबी पेशंट हाय," तो माणूस म्हणाला.

"मग... चला की. दोघांना एकदमच नेऊ. बसवा इकडं."

"न्हाई उठत आता."

"कधीपासून थांबलाय?"

त्याने खांद्यावरच्या फडक्याने हात पुसले.

"शनिवार हुता," तो म्हणाला. "कुणी तेल दिलं न्हाई."

कानिफने टॉर्च वर धरला. टॉर्चचा उजेड जीपवर नीट पडला. उघड्या बॉनेटमधून बाभूळ वर आली होती. नुसती फांदी नाही. खोड. मांडीएवढं जाड खोड, इंजिनाच्या जागेतून सरळ वर गेलेलं, आणि वर शेंगा लोंबत होत्या.

एवढं झाड व्हायला किती वर्षं लागतात, हे शेतकऱ्याच्या पोराला कळतं.

त्याने टॉर्च खोडावरून मागे नेला.

जीपच्या मागच्या सीटवर गोधडी होती. गोधडीखाली काहीतरी होतं. आणि तिकडून कण्हल्याचा आवाज आला. बारीक. थांबून थांबून.

"कानिफ..." त्याच्या स्वतःच्या गाडीतून चाची म्हणाली. "तिकडं कोण कण्हतंय रे?"

त्याने टॉर्च त्या माणसाकडे वळवला.

माणसाच्या हातात आता पत्र्याचा डबा होता. तो कुठून आला ते कानिफने पाहिलं नाही. डब्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं.

"मग... तुमीच का न्हाई घातलं हे?"

"लई उशिरा मिळालं." तो म्हणाला. "माझं इंजन बसलं हुतं."

वारा नव्हता. शेंगा मात्र हलत होत्या.

"किती पैसं झालं?" कानिफने विचारलं.

"शनिवारी तेल इकत न्हाईत."

"मग..."

"उसनं ने."

कानिफ डब्याकडे पाहत राहिला. घरात तेल संपलं, मीठ संपलं तर शेजारी वाटी घेऊन जातात. उसनं आणलेलं परत द्यायचं असतं. जेवढं आणलं त्याहून चिमूटभर जास्त. पण ते ओळखीच्या दारातून आणतात. आणि माणसाकडून.

पळावं असं त्याला वाटलं. पाय मोकळे होते. हायवे लांब नव्हता. एकटा असता तर तो पळालाच असता, हे त्याने अण्णांना सांगितलं.

गाडीत चाचीचा श्वास अडकला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा अडकला.

"शाहबाज आला का?" तिने विचारलं. आणि मग काहीच नाही.

"अम्मी!" नाझनीन ओरडली. "अम्मी... भाऊ, लवकर!"

तो माणूस झाकणाला हात लावत नव्हता. वाट पाहत होता. घाई त्याला नव्हतीच.

"द्या," कानिफ म्हणाला. "उसनं द्या."

कानिफने बॉनेट पुन्हा उघडून टॉर्च आत धरला. डब्याचं झाकण उघडलं.

त्या माणसाने ऑइल ओतलं. डबा पूर्ण उपडा केला. तेल उतरताना आवाज आला नाही. ना धार, ना गुडगुड. मग त्याने स्वतः पट्टी ओढली. खांद्यावरच्या फडक्याने पुसली. घातली. ओढली. कानिफच्या डोळ्यांसमोर धरली. वरच्या रेघेला बरोबर. केसभर इकडे नाही, तिकडे नाही.

"उद्या पाडवा हाय," कानिफ कसाबसा म्हणाला. "उद्याच आणून देतो. इथंच..."

"तू नको येऊ."

"मग..."

"मीच येईन न्यायला."

"माझं घर..."

"लागंल तसं नेईन," तो म्हणाला.

बॉनेट खाली आलं. समोर कुणी नव्हतं.

कानिफ आत बसला. किल्ली फिरवली. टकटक थांबली होती. लाल दिवा विझला होता. त्याने चढ चढवला. आरशात पाहिलं नाही. रुईछत्तीशीच्या अलीकडे हायवे लागला, तेव्हा इंजिन असं चाललं होतं, जसं गाडी घेतल्यापासून कधीच चाललं नव्हतं. आवाज म्हणून नाही. नुसती चाकं.

नगरला पोचले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर उपयोग नव्हता. पहाटे शाहबाज आला. चाचीने त्याचा हात धरला आणि मग ती झोपली. नाझनीन बाहेरच्या बाकावर बसून रडली, हसली आणि कानिफला म्हणाली, "भाऊ, ते कोण होते? बॉनेटच्या फटीतून मला चार हात दिसत होते. दोन तुमचे. दोन कोपरापर्यंत काळे. अल्लाने फरिश्ता पाठवला."

कानिफ म्हणाला, "व्हय."

अण्णा इथे थांबले. खाली गल्लीत कुत्रं भुंकलं आणि लगेच गप्प झालं.

"झाली?" समर्थने विचारलं. "म्हणजे चांगलंच भूत होतं की. चाची वाचली."

"वाचली. अजून हाय. परवाच मला विचारत हुती, अण्णा दात कधी बसवताय म्हणून." अण्णा हसले नाहीत. "पण उसनं फेडायचं राहिलं ना."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कानिफने अजीजभाईंकडून सीलबंद डबा घेतला आणि भर उन्हात जुन्या रस्त्याला गेला. सपाट जागा होती. बाभूळ होती. जीप नव्हती. तिचा खिळाही नव्हता. त्याने डबा झाडाखाली ठेवला, हात जोडले आणि परत आला. आठ दिवसांनी जाऊन पाहिलं. डबा तसाच. सील तसंच. वर धूळ.

तिकडून त्या माणसाला न्यायचंच नव्हतं.

घरी मात्र सकाळी पट्टी ओढली की ऑइल खाली गेलेलं असायचं. रात्री वरच्या रेघेला, सकाळी खालच्या रेघेला. कानिफने आधी मनाचं समाधान केलं. नेतोय, नेऊ दे. फिटेल. तो रोज संध्याकाळी ओतत गेला. जेवढं आणलं होतं तेवढं गेलं. त्याच्या दुप्पट गेलं. मग त्याने किती गेलं ते पाहायचं सोडून दिलं.

तेव्हा तो अण्णांकडे आला. अण्णा जाणते. गाडी ऑइल गाळते किंवा जाळते, तिसरं काही नसतं, असं ते म्हणाले. त्यांनी रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठ्यावर डाग नाही. सायलेन्सरला पांढरं फडकं लावून इंजिन चालवलं. फडकं पांढरंच.

"मग विकून टाकायची गाडी," करण म्हणाला. "भंगारात."

"मीबी तेच बोललो. तो म्हणला, अण्णा, गाडी विकली तर तो न्यायला कुठं जाईल?"

ज्ञानेश्वरीने गुडघे जवळ ओढून घेतले.

"एकदा कानिफ श्रीरामपूरला लग्नाचं भाडं घेऊन गेला. यायला रात्र झाली. दमला हुता. ऑइल घालायचं राहिलं. तसाच झोपला." अण्णांनी टाळूवरून हात फिरवला. "पहाटे भिंतीपलीकडून हाक आली. चाचीला धाप लागलेली. शिट्टीसारखा आवाज. त्या रातीसारखा. कानिफ आधी चाचीकडं न्हाई गेला. आधी गाडीकडं गेला. अंधारात, हातानं चाचपत, डबा उपडा केला. आन् मग तिकडं गेला तर... चाची पाणी पीत बसलेली."

"योगायोग," समर्थ म्हणाला. पण हळू.

"असंल. डॉक्टरबी तेच म्हणला. पण त्यानंतर कानिफ एक संध्याकाळ चुकला न्हाई. इंजन कोरडं पडलं तर उसनं देणारा चाचीलाच नेईल, ही भीती. शनिवार असो, अमुशा असो. अजीज शनिवारचाबी देतो आता, काही न बोलता."

अण्णांनी टाकीला टेकलेली पाठ सरळ केली.

"मग?" ज्ञानेश्वरीने विचारलं. त्या रात्री ती बोललेला हा एकच शब्द.

"गेल्या महिन्यात मला वाटलं, पट्टीच खोटी असंल. चुकीचं दाखवत असंल. म्हणून मी स्वतः नवी पट्टी आणली. कागदात गुंडाळलेली. कानिफच्या अंगणात, माझ्या हातानं कागद फाडला. दोन रेघा. वरची आन् खालची. कंपनीच्या. मी बघितल्या. बोट फिरवून बघितल्या. संध्याकाळी ऑइल वरच्या रेघेला भरलं. पट्टी घातली. बॉनेट लावलं. आन् मी तिथंच, गाडीला लागून खाट टाकून झोपलो."

"कुणी आलं?"

"मला झोप लागली न्हाई. कुणी आलं न्हाई. बॉनेट उघडलं न्हाई. कुत्रं उठलं न्हाई." अण्णांचा आवाज खाली गेला. "फटफटलं तसं मी उठलो. बॉनेट उघडलं. पट्टी ओढली. पुसली न्हाई. तशीच उजेडात धरली."

त्यांनी अंधारात दोन बोटं समोर धरली, मध्ये काहीतरी पकडल्यासारखी.

"वरची रेघ कोरडी. खालची रेघ कोरडी. त्याच्याबी खाली... एक तिसरी रेघ. ताजी. आतलं लोखंड चमकत हुतं, नखानं ओढल्यासारखी. ऑइल बरोबर तिथपर्यंत. केसभर इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

वीज आली. गल्लीतले दिवे लागले.

"आन् त्या रेघेखाली," अण्णा म्हणाले, "पट्टी उरलेली न्हाई."